एकशे नव्वद नंबरचं घर

धरणगावात टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या नानांना अक्षरं नंबरांनी पाठ होती. कीबोर्डवर नसलेलं जोडाक्षर हवं असलं, की डावा अंगठा ऑल्टवर ठेवून उजव्या हाताने ते चार आकडे दाबत आणि अक्षर उमटे. चहा पितानाही त्यांची बोटं बशीच्या कडेवर आकडे वाजवत असत. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "आकडा पाठ शेत, पन मना वाढदिवस इचारा बरं यासले!"

"पोरी, कंप्युटरले अक्षर कयत नही. त्याले फक्त नंबर कयस. चेहरा फॉन्ट लावस," असं नाना मला सांगत. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये एका बाइटला एक चिन्ह. घरं दोनशे छप्पन्न आणि मराठीचं खटलं मोठं, म्हणून अर्ध्या अक्षरांनी, रफार-उकारांनी इंग्रजी अक्षरांची घरं बळकावलेली. नव्या पद्धतीत एकट्या 'क'ला तीन बाइट लागतात, हे मी सांगितलं तेव्हा ते खूप हसले. "एक मानूस नी तीन खाटा!"

मी नोकरीसाठी पुण्याला असताना आईने आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी नानांकडून टाइप करून घेतली. दुपारी ती दुकानातल्या स्टुलावर बसून गायची आणि नाना टाइप करायचे. "तुनासाठे गाना लिखी ठेवस मी," असं फोनवर म्हणायची. तब्येत विचारली की म्हणायची, मस्त शे.

त्या वर्षीच आई गेली. तिच्या पेटीत पेनड्राइव्ह सापडला. फाइल उघडली, तर शेपट्या फुटलेली इंग्रजी अक्षरं, मधूनच पौंडाचं चिन्ह. एक शब्द लागेना. मला आईचा रागच आला, एवढं करून शेवटी हे ठेवलंस माझ्यासाठी!

तशीच नानांकडे गेले. दुकान बंद झालं होतं, जुना संगणक जळून फॉन्टही त्याच्याबरोबर गेला होता. नानांनी कपाटातून चौकटीची वही काढली. प्रत्येक चौकटीत एक नंबर आणि त्याचं अक्षर. तीन दिवस मी तो तक्ता लॅपटॉपमध्ये भरत होते आणि नाना डोळे मिटून माझ्या चुका काढत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी फाइल पुन्हा उघडली, तर पडद्यावर आईचे शब्द. मी लहान मुलीसारखी रडले. काकूंनी न विचारता चहा टाकला.

गाण्यांत मधेमधे रिकामे चौकोन मात्र राहिले होते. त्या सगळ्यांचा नंबर एकशे नव्वद, आणि वहीत एकशे नव्वदसमोर काहीच लिहिलेलं नव्हतं. फाइलमधली घाण समजून मी ते एकदम पुसायला निघाले, तर नानांनी माझा हात धरला.

"काढू नको. ते रिकामं नही शे. आठे तुनी माय दम खावाले थांबनी व्हती."

गाताना तिला धाप लागायची. ती थांबली की टाइप करणारे नानाही थांबत आणि फॉन्टमधल्या त्या मोकळ्या घरात त्यांनी स्वतः काढलेलं एक टिंब तिथे टाकत. मी फाइल वरपासून खाली सरकवत गेले. पहिल्या गाण्यात दोनच चौकोन होते. शेवटच्या गाण्यात प्रत्येक ओळीत होते.

"नाना, मला कळवलं का नाही?" माझा आवाज चढला.

"तिनी शपथ घालेल व्हती. मी सांगं नही," नाना म्हणाले. "पन लिखी ठेवं."

मी लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला. निघताना पाया पडले, तेव्हा त्यांनी वही माझ्या पिशवीत घातली.

गेल्या वर्षी नानाही गेले. श्रावणात कानबाई बसते तेव्हा मी मोबाइलवर बघून आईची गाणी म्हणते. चौकोन आला की थांबते. मी विसरले असं वाटून शेजारच्या बायका पुढचा शब्द सांगायला लागतात. मी हाताने त्यांना थांबवते. आई श्वास घेत असते.