स्वागताच्या बॅनरवरचा पुढारी

एखादी गोष्ट मनात आली की मला धीर धरवत नाही. लेक आर्मेनियात डॉक्टरकी शिकायला गेली आणि तिथल्याच वर्गमित्राशी लग्न करते म्हणाली, तेव्हा पहिले दोन दिवस मी धड जेवले नाही. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मुलगा पाहिला आणि पाघळले. आता लेक त्याच्या आईवडिलांना घेऊन बोलणी करायला थेट मिरा रोडला येणार होती, मुलगा तेवढा तिकडेच राहणार होता. बोलणी फिसकटली तर लेक तोंडाने काही म्हणणार नाही, पण आतून मोडेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कॉलवर मुलाच्या आईच्या स्वयंपाकघरात तिकडच्या एका पुढाऱ्याचा फोटो दिसायचा. मी मोबाईलवर त्याचं सगळं वाचून काढलं. चौकात भाषणं करायचा, तुरुंगात गेला, लोक रस्त्यावर उतरले आणि जुन्यांना हाकलून हाच सत्तेवर बसला. पुढे लढाई हरला, डोंगराकडचा मुलूख गेला, त्याने तह केला. हा पुढचा भाग मी भराभर उरकला. "अहो, केवढा मोठा माणूस," मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "पुढाऱ्यांच्या भानगडीत पडू नकोस." पण ऐकेन ती मी कसली.

आमच्याकडे कोणी यायचं म्हणजे गेटवर फ्लेक्स हवाच. दहावी पास झालेल्या पोराचाही लागतो, मग व्याह्यांचा का नको? नया नगरच्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. वर गोलात पुढारी, मधे 'हार्दिक स्वागत', खाली हात जोडलेले आम्ही दोघं. तो म्हणाला, "आंटी, ये कौनसे वॉर्ड का है?" मी म्हटलं, "बहोत दूर के वॉर्ड का."

शनिवारी सकाळी टॅक्सी गेटशी थांबली. मी आरतीचं ताट घेऊन पुढे. आधी लेक उतरली, मग मुलाचे वडील उतरले, वर पाहिलं आणि तिथेच थिजले. मग लेकीला काहीतरी बोलले. तिचा चेहरा पांढराफटक.

"आई, ते म्हणतायत, या माणसाखालून मी आत येणार नाही. त्यांचं गाव त्याच तहात गेलंय. घरीसुद्धा ते त्या फोटोकडे पाठ करून जेवतात."

"मग आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

"तू बॅनर लावशील असं मला स्वप्न पडलं होतं का?"

मी वॉचमनला म्हटलं, काढ ते. तर मुलाची आई टॅक्सीतून उतरून आडवी आली. तह करून त्याने आणखी पोरं मरू दिली नाहीत, म्हणाली, माझा मुलगा त्याच्यामुळे जिवंत आहे. बॅनर काढलात तर मी आत येत नाही. झालं. दोघं नवराबायको गेटबाहेर, मधे मी, ताटातलं निरांजन विझलेलं. सगळं माझ्या हौसेपायी.

आणि एकदम आठवलं, निवडणूक लागली की आपण काय करतो? आचारसंहिता. मी पेपर मागवला, चिकटपट्टी मागवली. ह्यांनी स्टूल धरलं, मी साडी खोचून चढले आणि पुढाऱ्याचं तोंड झाकून टाकलं. बॅनर काढला नाही, तोंडही दिसेना. लेकीने दोघांना समजावलं, की इथे मतदानाआधी सगळ्या पुढाऱ्यांची तोंडं अशीच झाकतात. वडील पहिल्यांदा हसले आणि आत आले. मागोमाग आईही. मला इतका आनंद झाला, की ओवाळायचंच राहिलं.

बोलणी जुळली, आणि जेवणं झाल्यावर मी लग्नपत्रिकेचा मजकूर काढला. आमच्या बाजूला 'मु. पो.' आणि रत्नागिरीकडचं गाव, जिथे आमच्या घराला वर्षानुवर्षं कुलूप आहे. "यांचं मूळ गाव?" मी सवयीने विचारून बसले आणि जीभ चावली. वडिलांनी गावाचं नाव सांगितलं. लेक हळूच म्हणाली, ते विचारतायत, आता तिथे आमचं कोणीच राहत नाही, तरी छापता येईल का?

मी मुलाच्या आईकडे पाहिलं. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात ते नाव लिहून दिलं. मग लेकीला दोन शब्द बोलली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्याच गावात मी नवरी होऊन गेले होते."