उलट्याचं उलटं

शकूआत्यांना कुणी गोड बोललेलं खपत नसे. माणूस हसून बोलून गेला, की त्यांचा प्रश्न ठरलेला: "कायको इतका हसला गं तो?" खरं नाव शकुंतला. पण हैदराबादेत 'शक' म्हणजे संशय, त्यामुळे नल्लकुंट्यातले लोक 'शकूआत्या' म्हणताना मनात काय धरतात, हे पुण्याहून लग्न होऊन आल्यावर मला लवकरच कळलं. त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या, आमच्याच घरात राहायच्या.

मलकपेठच्या बाजारात भाजीवाल्याने कोथिंबिरीची एक जुडी वर टाकली, तर यांनी सगळी पिशवी त्याच्यापुढे रिकामी केली. फुकट दिलं म्हणजे खाली काहीतरी सडकं असणारच. शेजारच्या तेलुगू बाईंनी सणाला पाठवलेला चिंचेचा भात त्या आधी मला चाखायला लावत. "तू खा. तू जवान आहेस, तुला पचंल." मला राग यायचा आणि हसूही यायचं.

माझी इरा पहिलीत असताना तिच्या डाव्या मूत्रपिंडात खडा निघाला. औषधाने पडण्यातला नव्हता. विद्यानगरचे सर्जन तेलुगू, बोलणं हैदराबादी. आत्या हट्टाने बरोबर आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "उल्टे हाथ के तरफ का गुर्दा है, अम्मा. बच्ची को उल्टा लिटाके पीठ में से निकालते."

बाहेर येताच आत्यांनी माझा दंड धरला. "ऐकलंस? उलट्या बाजूचा खडा, अन् पोरीला उलटं घालणार. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं! हे लोक चांगला गुर्दा फोडणार." मी म्हटलं, आत्या, उल्टा हाथ म्हणजे डावा. "मी इथंच जन्मले, मला नक्को शिकवू. पलटी मारल्यावर डावं कुठं जातं ते सांग." आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही ते धड सांगता येईना.

आम्ही परत आत गेलो. आत्यांनी चपला काढल्या आणि तपासणीच्या खाटेवर स्वतःच पालथ्या झाल्या. डॉक्टर दचकले. मग आत्यांच्या डाव्या कुशीवर बोट टेकवून म्हणाले, "ये कौनसी बाजू, अम्मा?"

"डावी."

"पलटो. अब?"

"डावीच."

तेवढ्यावर सुटका नव्हती. पुन्हा पालथ्या होऊन त्या गुरगुरल्या, "दम घुटतोय. पोरीचा नाही घुटणार?" डॉक्टरांनी एक उशी छातीखाली सरकवली, एक कमरेखाली; मधे पोट मोकळं. इराला उताणी असतानाच भूल देणार, श्वासाची नळी बसवणार, मग सगळे मिळून अलगद वळवणार, गुडघ्यांखाली मऊ घड्या ठेवणार आणि खड्याच्या बाजूला आधीच पेनाने बाण काढणार, हे सगळं त्यांनी सांगितलं. आत्या श्वास घेऊन पाहत राहिल्या. "येतोय," त्या नाराजीनेच म्हणाल्या. घरी येताना मात्र रिक्षात पुटपुटल्या, "इतकं समजावून सांगतो, कायको?"

आत्या आता नाहीत. त्यांची आठवण फार येते, आणि येते ती ऑपरेशनच्या सकाळची. इरा ऑपरेशन थिएटरच्या दाराशी अडून बसली होती. पालथं घातलं की गुदमरतं, हे तिने ऐकलं होतं; आमच्याच घरात, दुसरीकडे कुठे? माझ्याकडे, बापाकडे तिने पाहिलंच नाही; आत्यांना म्हणाली, "आजी, तू झोपून बघितलंस ना? काही होत नाही ना?"

ज्या बाईने जन्मात कशाचीही हमी दिली नव्हती, ती म्हणाली, "काही होत नाही. दुखत पण नाही. जा."

दार बंद झालं आणि आत्या भिंतीला धरून खाली बसल्या. "मी खोटं तर नाही ना बोलले गं?" मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

डॉक्टर बाहेर आले, खडा निघाला, सगळं ठीक आहे म्हणाले. मला रडू फुटलं. आत्या जागच्या हलल्या नाहीत. "पोरीला बोलू दे," एवढंच म्हणाल्या.

इराने डोळे उघडले तेव्हा त्या खाटेशी उभ्या होत्या. पोरीचं तोंड वाकडं झालं. "आजी, खोटारडी! दुखतंय."

"हौ, खोटारडी मी," आत्या म्हणाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "अजून बोल."