खाण वसुधाबाईंची, शंख माझा

वसुधाबाई गांगुर्डे यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी स्पष्टच विचारलं, "खरं लिहू का?" ते म्हणाले, "अवश्य." तर खरं हे, की एकाच महाविद्यालयात, भूशास्त्र विभागाच्या एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून मी इतकी वर्षं बाईंवर जळत आले आहे. हीच माझी पात्रता समजावी.

आमची खरी ओळख सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, पेठ रस्त्यालगतच्या एका दगडखाणीत झाली. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या असलेल्या बाई नुकत्याच रुजू झाल्या होत्या आणि आम्ही दोघी विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेलो होतो. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये हिरवट मातीचा हातभर पट्टा सुरुंगाने उघडा पडला होता. त्यातून निखळलेल्या ढेकळात बोटाच्या पेराएवढा, दगड झालेला शंख मला दिसला. मलाच, आधी! लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात तिथे गोड्या पाण्याचं तळं होतं, याचा तो पुरावा. मी हे समजावून सांगणार, तोच बाईंनी पुढे होऊन त्या पट्ट्याला चक्क जीभ लावली. "चिकटतेय. तळ्यातली चिकणमाती आहे," त्या म्हणाल्या. झालं! सगळी पोरं जिभा काढून भिंतीला भिडली आणि मी शंख हातात धरून एकटी उभी.

खाणीचे ठेकेदार अण्णा ती भिंत उडवून तिची खडी करणार होते. मी बाईंना म्हटलं, "भिंतीला शेंदूर फासू या. हात लावायची कोणाची हिंमत होणार नाही." बाई म्हणाल्या, "नको हो. भिंत वाचेल, पण मग लोक नारळ फोडतील. शंख कोण बघणार?" आणि त्या सरळ अण्णांकडे गेल्या.

"तुमचं तळं लय जुनं असंल बाई, पण मला रस्त्याचं काम हाय ना," अण्णा तंबाखू चघळत म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. त्यांना चूळ भरायला लावली आणि म्हणाल्या, "अण्णा, एकदा जीभ लावून बघा." मी तर लाजेने तोंडच फिरवलं. अण्णांनी आधी काळ्या दगडाला जीभ लावली, मग त्या पट्ट्याला.

"आयला, ही तर ओढून धरती की!"

मग बाईंचं भिंग डोळ्याला लावून जे बसले, ते उठेनातच. उठले तेव्हा गड्यांना म्हणाले, "ह्या बाजूला सुरुंग नाय लावायचा."

पुढे बाईंनी अर्जविनंत्या केल्या, साहेबलोकांनाही तिथे नेऊन जिभा लावायला लावल्या, आणि ऐंशीच्या दशकात, बंद पडलेली ती खाण सरकारने संरक्षित केली. त्या दिवशी हार कोणाच्या गळ्यात पडले, हे सांगायला नको.

बाईंच्या मायेचंही तेच. मला टायफॉइड झाला, तेव्हा माझे तास त्यांनी घेतले, वर रोज मऊ खिचडीचा डबा आणला. बरी होऊन वर्गात गेले, तर मुली म्हणतात, "मॅडम, हा भाग गांगुर्डेबाईंनाच पुरा करू द्या ना!" खिचडी अंगी लागली होती, म्हणून सहन झालं.

दरवर्षी सहलीत त्या भिंतीसमोर बाई मला हाताला धरून पुढे ओढतात आणि मुलांना सांगतात, "पहिला शंख यांना सापडला. मी नंतरची." मुलं टाळ्या वाजवतात आणि परतताना बसमध्ये म्हणतात, "वसुधाबाईंचं मन केवढं मोठं!" म्हणजे शंखही गेलाच की त्यांच्याकडे.

आता बाई निवृत्त होत आहेत. पुढच्या सहलीला त्या भिंतीसमोर मी एकटी असेन, आणि पहिला शंख कोणाला सापडला, हे सांगायला कोणी नसेल. मी स्वतः सांगितलं, तर पोरं तोंडावर हसतील.

म्हणून वसुधाबाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, खाणीचा उतार उतरताना त्यांचे गुडघे शाबूत राहोत, अशी मी मनापासून प्रार्थना करते. त्यात माझा सरळसरळ स्वार्थ आहे. बाई, निवृत्त झालात तरी सहलीला यायचं हं. ते वाक्य तुम्हीच म्हणायचं. मी शेजारी उभी राहून जळेन.