अर्ध्या वाटेवरचा पक्षी

धुलाईघरात त्यांना सगळ्या रेडिओकाकू म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. हॉस्पिटलच्या चादरींची घडी घालायला दोघी लागतात. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, मागं सरून ताण द्यायचा, मग समोरासमोर चालत येऊन टोकाला टोक जुळवायचं. अशी समोरासमोर गाठ पडली की काकू सुरू. "अगं, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात!" हातात चादर असल्यामुळे समोरचीला पळताही यायचं नाही.

हे सगळं काकूंना चालताना मिळायचं. भाचीनं त्यांच्या फोनवर पॉडकास्ट लावून दिलं होतं. त्यातली बाई तारे, समुद्र, किडामुंगी यांच्याबद्दल सावकाश, घरच्यासारखं बोलायची. काकू कानात इयरफोन खुपसून कामाला निघत, मध्येच "अगंबाई!" म्हणून थबकत, आणि मागून येणारा धडकला की त्यालाच दटावत. एक भाग एका वाटेत संपायचा नाही. म्हणून अर्धा जाताना, अर्धा येताना, हा त्यांचा शिरस्ता. हॉस्पिटलच्या फाटकापाशी बंद करताना जिवावर यायचं.

संध्याकाळी घरी येऊन सगळी गोष्ट नवऱ्याला, म्हणजे काकांना, सांगायची. काका बस कंडक्टर होते. त्यांच्या एका हाकेनं मागच्या बाकावरचे झोपाळू दचकून उठत. काही महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, पण त्यांनी बोलायला हवं. काकांना तेच नको होतं. गोष्ट कितीही नवलाची असो, ते शेवटी एक "हं" म्हणत आणि भिंतीकडे तोंड करत. त्या "हं"ची काकूंना धास्ती बसली होती. माणूस डोळ्यांदेखत विझत चाललाय आणि आपण ऑक्टोपस सांगतोय, असं वाटून त्यांना रडू यायचं.

त्या सकाळी बाईनं एका पक्ष्याची गोष्ट लावली. वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. उडण्याआधी तो खाऊन खाऊन फुगतो, मग ओझं नको म्हणून पोटातली आतडी आक्रसून घेतो आणि अख्खा महासागर एका दमात ओलांडतो. खाली पाणीच पाणी, आणि पाण्यावर त्याला टेकता येत नाही. दिवसरात्र पंख हलवत राहायचं. काकू फाटकापाशी पोचल्या तेव्हा पक्षी समुद्राच्या मधोमध होता आणि त्यांच्या अंगावर काटा होता.

परतताना फोन मेलेला. सकाळी काकांची खाटेखाली गेलेली गोळी शोधायला त्यांनी फोनचा टॉर्च लावला होता, तो तसाच चालू राहिला होता.

घरी येऊन त्यांनी होतं तेवढं सांगितलं आणि भाजी चिरायला घेतली. "हं" आलाच नाही. त्यांनी वळून पाहिलं, तर काका भिंतीकडे नव्हे, त्यांच्याकडे बघत होते.

"मग?" काका म्हणाले.

काकूंच्या हातातली सुरी थांबली.

"उत... उतरला का?"

"मला काय ठाऊक! फोन बंद पडला."

काका संतापले. ओठ वाकडेतिकडे झाले, कपाळावर शीर फुगली. "अर्धं... कशाला... सांगितलंस?"

तीन शब्द! इतक्या महिन्यांत काकूंनी एवढ्या आनंदानं कुणाची बोलणी खाल्ली नव्हती. भाजी तशीच टाकून त्यांनी फोन चार्जिंगला लावला, खुर्ची खाटेला भिडवली, एक इयरफोन काकांच्या कानात घातला, एक आपल्या. पक्षी पुन्हा उडू लागला. समोरून वारा येत होता, अंगावरची चरबी संपत आली होती. काकांचा चांगला हात काकूंच्या मनगटावर आवळत गेला. मग बाई म्हणाली की दूरवर, पाण्याच्या कडेला, एक काळसर रेघ दिसू लागली.

काकांनी फोनकडे बोट केलं. "थांबव."

"अहो, आता तर किनारा आला!"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. जीभ गोळा करायला त्यांना वेळ लागला. काकू थांबल्या.

"उद्या," काका म्हणाले. "उद्या ऐकू."

काकूंनी फोन बंद केला. सकाळपासून त्या पक्ष्याचं नवल करत होत्या, आता तशाच नवलानं काकांकडे बघत बसल्या.