पाऊण लिटर आणि अर्ध्याचं माप

नांदेडच्या एका दैनिकाच्या डेस्कवर चार वर्षं काढून मी शिक्षिका झाले. शाळा जिल्हा परिषदेची, अहमदपूर तालुक्यातली. विषय विज्ञान आणि गणित.

केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा शिक्षण परिषदेला जमतात. तिथे एक जण सगळ्यांसमोर पाठ घेतो. रिवाज असा, की तो पाठ आदल्या दिवशी वर्गात एकदा होऊन गेलेला असतो. माझी पाळी आली तेव्हा मीही तसंच केलं. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांचा भागाकार. सगळे हात वर होते. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी शेजारच्या गावचे गुरुजी जवळ आले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

"मॅडम, पोरांनी प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलं. घटना घडायच्या आधीच बातमी छापली म्हणा की."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"भागायचं सोडून ते उलटून गुणायचं कशामुळं?"

"नियम आहे."

"कुणी केला?"

तो नियम मी तीन वर्षं शिकवत होते.

"मला बी सांगता येत न्हाई," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर विचारून राहिलो."

मी केंद्रप्रमुखांकडे गेले. पुढच्या परिषदेत हाच पाठ पुन्हा घेते, असं त्यांना सांगितलं. मुलं यजमान शाळेची, आधी काही न शिकवलेली.

"फसला तर?"

"सगळ्यांसमोर फसेल."

तयारीला आम्ही तिघं होतो : गुरुजी, त्यांच्याच शाळेतल्या एक मॅडम आणि मी. दर बुधवारी शाळा सुटल्यावर बसायचो. डेस्कवरचा एक नियम मी तिथे आणला. पाहणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. दिसलं-ऐकलं तेवढंच लिहायचं. 'छान', 'उत्तम' खोडायचं.

आधी गुरुजींच्या वर्गावर पाठ करून पाहिला. तीन भाकरी, अर्धी-अर्धी वाटली तर सहा जणांना. इथवर ठीक. मग पाऊण भाकरी, पुन्हा अर्धी-अर्धी. एक मुलगी उठली.

"एक अर्धी झाली, अन् पाव उरली. सव्वा."

मी फळ्यावर उलटून गुणलं. उत्तर दीड आलं.

"बाई, मग ही जास्तीची पाव कुठून आली?"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते मान खाली घालून लिहीत होते. "नियमानं दीडच येतं," असं म्हणून मी पुस्तक मिटलं. गुरुजींच्या कागदावर हे वाक्य जसंच्या तसं होतं. पुढे एक शब्द नव्हता.

त्या बुधवारी आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. वाट काढली ती मॅडमनी. त्यांचं माहेर देवणीचं, घरी गाई होत्या. "दूध मापून बघा," त्या म्हणाल्या. "भाकरीत माप दिसतच न्हाई."

परिषदेच्या दिवशी मी पाऊण लिटर पाणी आणि अर्ध्या लिटरचं माप घेऊन उभी राहिले. शिक्षक मागे भिंतीला लागून बसले होते. समोरची मुलं अनोळखी होती. एवढ्या पाण्यात ही मापं किती भरतील, असं मी विचारलं.

एक मुलगा म्हणाला, "सव्वा." आणखी दोघं म्हणाले, "सव्वा."

मी उत्तर सांगितलं नाही. त्याला माप भरायला लावलं. पहिलं माप काठोकाठ भरून त्यानं बादलीत रिकामं केलं. उरलेलं पाणी त्यानं दुसऱ्यांदा मापात ओतलं आणि आत पाहत राहिला. मागे कोणाची तरी खुर्ची वाजली.

"पाणी पावच हाय," तो सावकाश म्हणाला. "पण माप अर्धं भरलं."

"मग मापं किती झाली?"

"दीड."

उलटून गुणायचा नियम त्या दिवशी फळ्यावर आलाच नाही. तास संपला. केंद्रप्रमुख म्हणाले, पाठ अपुरा राहिला. ते खरं होतं.

गुरुजींनी आपला कागद माझ्या हातात दिला. त्यावर होतं : 'तीन मुलांनी सव्वा सांगितलं. मॅडम थांबल्या. मुलानं मापात पाहिलं.'

"राहिलेला पाठ माझ्या वर्गावर घ्या," ते म्हणाले. "ती पोरगी अजून त्या जास्तीच्या पाव भाकरीचं विचारून राहिली."

बुधवारी मी माप घेऊन गेले.