व्हरांड्यातलं थर्मामीटर

आज पहाटे पुण्यात नऊ अंश होते, म्हणून संध्याकाळी सुधाने, माझ्या बायकोने, गॅलरीतल्या तुळशीवर जुनी शाल टाकली. शालीच्या डांबरगोळ्यांच्या वासाने मला चंदीगडचं आमचं सरकारी क्वार्टर आठवलं.

चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी होता. सासूबाईंनी दिलेलं तुळशीचं रोप सुधाने सांगलीहून दोन गाड्या बदलत, मांडीवर ठेवून आणलं होतं. सासूबाई त्याच वर्षी गेल्या. मी रोजचं तापमान वहीत लिहीत असे.

एका संध्याकाळी शेजारच्या पंजाबी आजी, बीजी, भिंतीवरून म्हणाल्या, "पुत्तर, तुलसी को कुछ ओढ़ा दे. आज पाला पड़ेगा."

पाला म्हणजे गोठलेलं दव. मी म्हणालो, "बीजी, पानी जीरो पर जमता है. कल तीन डिग्री था."

"तुलसी ने तेरी कॉपी पढ़ी है?"

माझ्या वहीवरचा टोमणा ऐकून मी हसलो. सुधा शाल घेऊन आली होती. तिलाही मी परत पाठवलं.

सकाळी गवत पांढरं होतं आणि तुळस काळी. थर्मामीटर तीनच दाखवत होतं, कारण ते व्हरांड्यात छपराखाली होतं. तुळस अंगणात, उघड्या आभाळाखाली होती. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

सुधाने एकच विचारलं, "वहीत किती लिहिलंत?"

पुण्यात नऊ अंशांना तुळस मरत नाही, हे मला ठाऊक आहे. मी उठलो आणि शालीचं दुसरं टोक कुंडीखाली नीट खोचलं.