भाकरीचा पदर

"हात लावू नका. तिचं तिला सुटू द्या."

विस्तवाला लावलेली भाकरी फुगायला लागली की आमचे शेजारी बोट वर धरून हेच म्हणायचे. पोटात कितीबी भूक असो. परंडा गावात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांच्या बहिणीचं घर, रिकामं पडलेलं. रिटायर झाल्यावर ते एकटेच तिथं येऊन राहिले. दुपारचं जेवण आमच्याकडं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काम कसलं केलं?"

"गॅसचं."

झालं. मी गल्लीभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाया रिकामे सिलिंडर घेऊन त्यांच्या दारात. रागावले न्हाईत. एकीचा रेग्युलेटर तेवढा नीट बसवून दिला.

मग मला समजावलं. अणुभट्टीत युरेनियमच्या गोळ्या असतात, खडूच्या तुकड्याएवढ्या, नळीत भरलेल्या. भट्टी चालली की गोळीच्या आत वायू तयार होतो. बारीक बुडबुडे. ते कणाकणांच्या सांध्यात जमतात, एकमेकांना मिळतात, अन् वाट सापडली की बाहेर. मग नळीवर ताण.

"आत डोकावता येत नाही, आबा. कधी सुटेल, किती सुटेल, ते गणितानं आधी सांगायचं. जन्म त्यात गेला."

मला डोंबल कळलं न्हाय. बायको थापता थापता म्हणाली, "म्हंजे पदर कधी सुटंल ते सांगायचं. व्हय ना भावजी?"

तुम्ही पाहिलं असंल, फुगताना भाकरीचा वरचा पापुद्रा खालच्यापासून सुटतो. तो पदर. ते घास हातात धरून बघतच राहिले. खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. "वहिनी, इतकी वर्षं इंग्रजीत लिहिलं. हा शब्द मिळाला नव्हता."

मी म्हटलं, "हिलाच न्यायची होती भट्टीवर."

गेल्या साली ती गेली. मी रडलो न्हाय. लोक म्हणाले, थेरडा दगडाचा हाय. म्हणू द्या. चूल बंद केली, चहा-बिस्किटावर दिवस काढायला लागलो. अंगावरचं मांस गेलं.

एक दिवस शेजारी पीठ घेऊन दारात. "आबा, भूक लागली."

"तुमीच थापा मंग."

"मला फक्त गणित येतं."

माझ्या भाकरी ढालीसारख्या. ते वाकून बघायचे. "कडेला चीर आहे. वाफ तिथून पळाली." खायचे मात्र सगळ्या.

महिनाभरानं एका दुपारी भाकरी टम्म फुगली. मी सवयीनं आत हाक मारली, "अगं, बघ..."

आत कोण होतं? तिथंच चुलीपुढं बसून रडलो. लई रडलो. भाकरी करपून काळी झाली. त्यांनी करपलेली उचलली अन् खाल्ली.

या हिवाळ्यात तेही गेले. झोपेतच. त्यांची लेक कागद आवरायला आली अन् एक चिठ्ठी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "काका, बाबांच्या एवढ्या कागदांत हा एकच मराठी शब्द आहे. 'पदर'. गणितात पदर कसला हो?"

"बोलून कळत न्हाय. बस."

तवा ठेवला. पोरगी जेवलेलीबी नव्हती. भाकरी विस्तवाला लावली. आज सुटती का न्हाय, माझाच जीव वरखाली. मग मधोमध हलली, वर आली. पोरीनं बोट पुढं केलं.

"हात लावू नको, लेकी," मी म्हटलं. "तिचं तिला सुटू दे."